“९४% महिलांना फरक जाणवला” : क्रीमच्या डबीवरचं खरं किती मानायचं?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. लक्ष्मी रोडवरून एक फेस क्रीम घेतलं. ५० ग्रॅम, ४४९ रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीये.

पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत हे सगळं आहे: केशर आणि चंदनयुक्त. १००% केमिकल-फ्री. पॅराबेन-फ्री. क्रुएल्टी-फ्री. डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड. इन्स्टंट ग्लो. आणि ‘९४% महिलांना फरक जाणवला’, त्यावर एक चांदणी. ती चांदणी कुठे उतरलीय ते शोधायला सासूबाईंचं भिंग घ्यावं लागलं. खोक्याच्या तळाशी लिहिलंय: ‘३३ महिलांच्या स्वतःच्या मतावर आधारित, ४ आठवडे’.

मागची घटकांची यादी भिंगातून वाचून जशीच्या तशी उतरवतेय: ॲक्वा, ग्लिसरीन, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सेटिअरिल अल्कोहोल, नायसिनामाइड, फिनॉक्सीइथेनॉल, कार्बोमर, टायटॅनियम डायऑक्साइड, पर्फ्यूम, क्रोकस सटायव्हस एक्स्ट्रॅक्ट, सॅन्टॅलम आल्बम ऑइल, मायका, सीआय १९१४०, लिनालूल, लिमोनीन.

लावायला लागल्यापासून गालांवर खाज येतेय, थोडी लालीही. ‘केमिकल-फ्री’ आणि ‘टेस्टेड’ असूनही असं का व्हावं? आणि हे दावे असे वाट्टेल तसे छापता येतात का?

पेठी पुणेकर

४४९ रुपयांत केशर, चंदन आणि वर ३३ बायकांचं मत. मत तरी फुकट दिलं असेल. क्यूसी काकू, या हो लवकर.

क्यूसी काकू

आले. नवीन लोकांसाठी ओळख: भोसरी एमआयडीसीत एका थर्ड पार्टी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, आता निवृत्त. थर्ड पार्टी म्हणजे माल आम्ही बनवायचो आणि नाव दुसऱ्याचं लागायचं. एकाच टाकीतला बेस तीन ब्रँडांच्या डब्यांत भरला जाताना पाहिलाय, वास आणि रंग तेवढा वेगळा. त्यामुळे डबीची पुढची बाजू मी वाचतच नाही.

कर्वेनगरी, तुम्ही यादी उतरवलीत हे फार बरं केलंत. सगळी मेख तिथेच आहे. नियम असा आहे की एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि त्यानंतर एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. ही एक टक्क्याची रेघ यादीत छापलेली नसते, पण शोधता येते. तुमच्या यादीत सहावं फिनॉक्सीइथेनॉल आहे. ते प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घालतात ते. युरोपात त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे आणि आपल्याकडचे कारखानेही त्याच्या आतच राहतात. म्हणजे त्याच्यामागे जी मंडळी उभी आहेत ती सगळी एक टक्का किंवा त्याच्या खालची. आता केशर शोधा. दहावं, ‘क्रोकस सटायव्हस’ या नावाने. चंदन, म्हणजे ‘सॅन्टॅलम आल्बम’, अकरावं, पर्फ्यूमच्याही मागे.

किती खाली? ते कंपनी सांगणार नाही, पण हिशोब करून बघा. समजा ५०० किलोच्या बॅचला ५० ग्रॅम केशराचा अर्क घातला. तो झाला ०.०१ टक्के. तुमच्या ५० ग्रॅमच्या डबीत आला ५ मिलिग्रॅम. आणि अर्क म्हणजे केशर नव्हे. बहुतेक वेळा तो ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलमध्ये उतरवलेला असतो, त्यात खरं केशर किती ते पुरवठादारालाच ठाऊक. पण एवढ्यावर ‘केशरयुक्त’ छापता येतं. देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं, घास कोणी खायचा नाही.

मग क्रीम पिवळसर का दिसतं? यादीत सीआय १९१४० आहे ना, तो टारट्राझिन. कृत्रिम पिवळा रंग, परवानगीचा आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण केशराचा आणि त्या पिवळेपणाचा काडीचा संबंध नाही. आमच्याकडे मार्केटिंगची मुलं शेड पास करायला यायची. पांढऱ्या कागदावर स्पॅट्युलाने क्रीमचा फराटा ओढायचा, ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीपाशी नेऊन बघायचा. “मॅडम, अजून थोडं केशर वाटू दे.” मग आम्ही रंगाचं पातळ द्रावण ड्रॉपरने थेंब थेंब वाढवायचो, पुन्हा फराटा, पुन्हा खिडकी. केशराची बाटली त्या वेळी फ्रीजमध्ये असायची आणि तिथेच राहायची.

‘इन्स्टंट ग्लो’ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि मायका. पहिला पांढरा, दुसरी चकाकते. तोंड धुतलं की दोन्ही बेसिनमध्ये.

गंमत म्हणजे तुमच्या क्रीममध्ये खरोखर कामाची एक गोष्ट आहे आणि तिचं नाव पुढच्या बाजूला नाहीच. नायसिनामाइड, यादीत पाचवं, फिनॉक्सीइथेनॉलच्या आधी. डागांवर त्याचा उपयोग होतो हे अभ्यासांतून दिसलंय, साधारण २ ते ५ टक्क्यांत. तुमच्यात नेमकं किती हे यादीवरून कळणार नाही, पण निदान ते नाव घ्यायच्या लायकीचं आहे. त्याची जाहिरात का नाही? केशर म्हटलं की लग्नघर आठवतं, नायसिनामाइड म्हटलं की प्रयोगशाळा.

आता ९४ टक्के. ३३ पैकी ३१ जणी ‘हो’ म्हणाल्या की ९३.९ होतात, वरच्या अंकात ९४. यंत्राने काही मोजलेलं नाही. बायकांना विचारलं की त्वचा टवटवीत वाटली का. समोर दुसरा गट होता का, ज्याला साधं ग्लिसरीनचं क्रीम दिलं? डबीवर तसं काही नाही. ज्या बाईने चार आठवडे रोज न चुकता चेहऱ्याला काहीतरी लावलंय, आणि तेही फुकट मिळालेलं, तिला टवटवीतच वाटणार. खोबरेल लावलं असतं तरी वाटलं असतं. ‘फरक जाणवला’ आणि ‘फरक पडला’ यांच्यामध्ये जे अंतर आहे त्यावर अख्खी जाहिरात उभी असते.

‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’मधून एवढंच कळतं की त्वचातज्ज्ञाच्या देखरेखीखाली काहीतरी चाचणी झाली. किती लोकांवर, कोणती, निकाल काय, हे त्या दोन शब्दांत नाही. ‘टेस्टेड’ म्हणजे ‘पास’ असंही लिहिलेलं नाही बरं का. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ‘ॲलर्जीची शक्यता कमी’, याचीही तीच गत. अमेरिकेत एफडीए या सरकारी नियामक संस्थेने १९७५ मध्ये त्याची व्याख्या ठरवायचा प्रयत्न केला, म्हणजे हा शब्द छापायचा तर आधी चाचणी करून दाखवा. दोन बड्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियमच रद्द झाला. तेव्हापासून आजपर्यंत तिथे त्या शब्दाला कायदेशीर मोजमाप नाही.

पॅराबेन हेही प्रिझर्व्हेटिव्हच. त्यावर थोडं जास्त लिहिते, कारण हा विषय मी कारखान्यात प्रत्यक्ष बदलताना पाहिला. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये एका अभ्यासात स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेन सापडले. निरोगी पेशींशी तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळे गाठी झाल्या असं त्या अभ्यासाने दाखवलेलंही नव्हतं. पण बातमी व्हायची ती झाली. मग प्रत्येक ग्राहक कंपनीला ‘पॅराबेन-फ्री’ पाहिजे. आता क्रीममध्ये पाणी आहे म्हटल्यावर बुरशी आणि जंतू येणारच, काहीतरी प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. म्हणून जगभर मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं दुसरं वापरात वाढलं. त्याने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातला ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी देणारा पदार्थ, ठरवलं, आणि युरोपने २०१७ पासून न धुता त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत ते बंदच केलं. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘ॲलर्जन नसलेला’ म्हणून तो मान दिला! युरोपात मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ठरलेल्या मर्यादेत आजही चालतात. तेव्हा ‘अमुक-फ्री’ वाचलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: त्याच्या जागी काय घातलंय?

‘केमिकल-फ्री’वर मी वेळ घालवत नाही. यादीतलं पहिलंच नाव ‘ॲक्वा’, म्हणजे पाणी, तेही केमिकलच. ‘क्रुएल्टी-फ्री’ म्हणाल तर भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासूनच बंदी आहे आणि तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही. इथे बनलेल्या डबीवर ते लिहिणं म्हणजे ‘आम्ही सिग्नल पाळतो’ असं गाडीवर लिहिण्यासारखं... बरं, पुण्यात त्याचंही कौतुक व्हावं.

खाजेबद्दल: पर्फ्यूम, लिनालूल, लिमोनीन, हे सगळे वासाचे घटक. माझा पहिला संशय यांच्यावर. लिनालूल हवेशी संपर्क येऊन जुनं झालं की जास्त त्रास देतं. चंदनाचं तेल नैसर्गिक आहे म्हणून ते शरीराला ॲलर्जी द्यायचं विसरत नाही. पण मी डॉक्टर नाही. आजपासून क्रीम बंद करा.

वैद्यांची सून

काकू, म्हणूनच मी फक्त ‘आयुर्वेदिक’ लिहिलेलंच घेते. त्यात ही सगळी इंग्रजी नावं नसतात.

क्यूसी काकू

नसतात कारण लिहिलेली नसतात. आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना वेगळा, त्याच्या लेबलची पद्धत वेगळी. घरातली कुठलीही आयुर्वेदिक क्रीमची ट्यूब घ्या. ‘प्रत्येक १० ग्रॅममध्ये: मंजिष्ठा इतके मिलिग्रॅम, हळद इतके मिलिग्रॅम...’ आणि शेवटी छोटंसं ‘क्रीम बेस क्यू.एस.’ म्हणजे बाकीचं लागेल तेवढं. मिलिग्रॅमची बेरीज करा आणि १० ग्रॅममधून वजा करा. जे उरतं, आणि बरंच उरतं, तो बेस. त्यात मेण कुठलं, तेल-पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर कुठला, वास कुठला, हे तुम्हाला कळत नाही. एका अर्थी तुमच्या ट्यूबवर वनस्पतींचं प्रमाण तरी छापलंय, कर्वेनगरींच्या डबीवर तेही नाही. पण ज्याला ॲलर्जी आहे त्याला बेसची यादी जास्त हवी असते. सासरेबुवा स्वतः लेप करून देत असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना माझा नमस्कार.

औषधवाला

हडपसरला मेडिकल आहे माझं. काकूंच्या डब्या निदान सज्जन तरी आहेत. माझ्याकडे रोज कुणीतरी येतं, “वांगावरचं ते क्रीम द्या, मैत्रिणीला फार छान गुण आला.” ते असतं स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिन्ही एकत्र. ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. ट्यूबवर उभी लाल रेघ असते आणि ‘आरएक्स’ लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी दिलं तर ठीक. पण लोक ते फेअरनेस क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावतात. मग त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते, आणि बंद केलं की आग आग होते म्हणून परत लावतात. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. शेजारी मिळतं हेही मला माहीत आहे. कुणी असं बराच काळ लावत असेल तर मनानेच एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन त्यांच्या सांगण्याने सोडा.

दुसरा प्रकार पार्लरमधून मिळणाऱ्या ‘नाइट क्रीम’चा. छोटी डबी, परदेशी अक्षरं, ना परवाना क्रमांक, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना बॅच. आठवड्यात गोरं करतं म्हणतात. अशा डब्यांत पारा सापडलेला आहे. पाऱ्याने मूत्रपिंडं जातात हो. आपल्या नियमांत सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. चुकून आलेला म्हणून चेहऱ्याच्या क्रीममध्ये दशलक्षात एक भाग, तेवढीच सूट. ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरिक’ असं काही दिसलं तर पारा समजा. पण मुळात ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही तिच्यावर एवढं खरं लिहिलेलं असेल ही अपेक्षा कशाला?

कर्वेनगरी

बापरे. धन्यवाद सगळ्यांना. क्रीम बंद केलंय. अजून एक विचारते. लेक स्कूटीवरून कॉलेजला जाते, दुपारच्या उन्हात. तिला एसपीएफ ५० चं सनस्क्रीन पाहिजे, त्यावर ‘ऑल डे प्रोटेक्शन’ लिहिलंय. ३० वालं निम्म्या कामाचं असतं का? किमतीत मात्र बराच फरक आहे.

क्यूसी काकू

निम्मं अजिबात नाही. त्वचा भाजवणारे यूव्ही-बी किरण ३० वालं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८. तेही प्रयोगशाळेत, जिथे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. आपण लावतो त्याच्या कितीतरी कमी. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढून घ्यावं एवढं लागतं. मुलीला सांगून बघा, “चिकट होतं” म्हणून अर्धं पुसेल. कमी लावणार हे माहीत असेल तर ५० घ्या, नाहीतर ३० नीट लावलेलं बरं.

एसपीएफच्या शेजारचं पीए बघा. डाग आणि सुरकुत्यांशी जास्त संबंध असलेले यूव्ही-ए किरण एसपीएफच्या आकड्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी ही जपानी पद्धत आहे, अधिकची चिन्हं जितकी जास्त तितकं चांगलं, चारपर्यंत. ‘ऑल डे’ विसरा, उन्हात असताना दर दोन तासांनी परत लावायचं. ‘वॉटरप्रूफ’, ‘स्वेटप्रूफ’ हे शब्द अमेरिकेने २०११ च्या नियमात सनस्क्रीनवर छापायलाच मनाई केली. पाण्यात ४० मिनिटं टिकतं की ८०, एवढंच लिहायचं. आपल्याकडे अजून सर्रास दिसतात.

आणि स्कूटीवर आपल्या पोरी तो डोळ्यांपर्यंतचा स्कार्फ बांधतात ना, बाहेरगावचे हसतात त्याला. हसू देत. जाड सुती असेल तर उत्तम काम करतो, आणि त्याच्यावर कुठलाही दावा छापलेला नसतो.

तक्रारखोर

मूळ प्रश्नातला ‘वाट्टेल तसं छापता येतं का’ राहूनच गेला. नाही येत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘जाहिरात’ या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं. म्हणजे डबीवरचा खोटा दावा ही दिशाभूल करणारी जाहिरातच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर चांदणीखालच्या खुलाशाचा फॉन्ट दाव्याच्या फॉन्टसारखाच हवा आणि खुलासा ठळक दिसेल अशा जागी हवा असं आहे. तळाशी भिंगातून वाचायची अक्षरं त्यात बसतात का, तुम्हीच बघा. ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणस्नेही’ वगैरे हवेतल्या दाव्यांसाठी २०२४ मध्ये वेगळी तत्त्वं आली. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात खोटं लेबल असलेला माल ‘मिसब्रँडेड’ धरला जातो. ते काम अन्न व औषध प्रशासनाचं.

अडचण एकच, तक्रार कुणी करत नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि आपण ४४९ रुपयांचं बिलसुद्धा घेत नाही. १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल, दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर जवळ ठेवा.

अजून एक पळवाट: ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमच्या आणि ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रवाच्या पॅकवर घटकांची यादी देणं सक्तीचं नाही. स्वस्तात ‘ट्रायल पॅक’ घेऊन बघू म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

कर्वेनगरी

बिल आहे, सासूबाईंच्या कृपेने. दुकानदार म्हणाला उघडलेली डबी परत घेत नाही. काकू, मग टाकून देऊ का? आणि पुढचं क्रीम लावायच्या आधी घरी तपासता येतं का?

क्यूसी काकू

दुकानदाराशी भांडून काही निघणार नाही, त्याने फक्त विकलंय. डबी टाकू नका. खाज आठवडाभरात गेली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा ती आणि खोकं दोन्ही घेऊन जा. खोकं मुद्दाम सांगते, कारण यादी पुष्कळदा खोक्यावरच असते आणि लोक पहिल्या दिवशी तेच रद्दीत घालतात. डॉक्टरांना गरज वाटली तर पॅच टेस्ट करतात: पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवस ठेवतात, त्यानंतर बघतात आणि एकदोन दिवसांनी परत बघतात. त्या दिवसांत पाठीवरून अंघोळ नाही आणि घामही नको, म्हणून एप्रिल-मे टाळलेला बरा.

घरी करायचं ते सोपं आहे. नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, सात ते दहा दिवस, लावायचं. एका दिवसात काही झालं नाही म्हणून चेहऱ्यावर घ्यायचं नाही, ॲलर्जी कधी कधी उशिरा उठते. काही उठलं नाही तर चेहरा. आणि पुढच्या वेळी ‘फ्रेग्रन्स-फ्री’ घ्या, म्हणजे वासाचा घटकच न घातलेलं. ‘अनसेंटेड’ नको, त्यात वास दाबायला वास घातलेला असू शकतो. यादीत पर्फ्यूम, लिनालूल, लिमोनीन नाहीत हे बघून घ्या. भिंग पर्समध्ये ठेवा, दुकानात कोणी काही म्हणत नाही.